उन्हांतील शर्यत आणि घोटभर पाणी

वैशाखांतील दुपार. बीड जिल्ह्यांतील गेवराईच्या बाजारपेठेंत या वेळीं रस्ते ओस पडतात. पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असतो, वारा अंगाला भाजत असतो. आणि अशा वेळीं पाणपोईच्या रांजणांतलें पाणी मात्र तोंडाला गार लागतें. हें पाणी गार कसें राहतें? रांजणाच्या सच्छिद्र मातींतून पाणी झिरपतें, बाहेरच्या अंगावर येतें, कोरड्या वाऱ्यानें त्याची वाफ होते आणि ती वाफ रांजणांतील उष्णता बरोबर घेऊन जाते. शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकांतील हा धडा सर्वांस ठाऊक आहे. मनुष्याचें शरीर हाहि असाच एक रांजण आहे, ही गोष्ट मात्र शर्यतींच्या जगाला नीट उमगावयास जवळजवळ पाऊण शतक लागलें. आणि त्या शिक्षणाची फी कित्येकांना प्राण देऊन भरावी लागली.

ज्या शर्यतींत या रांजणाची सर्वांत कठीण परीक्षा होते, ती म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन. पोहणें, सायकल चालविणें आणि धावणें हे तीन प्रकार, मध्यें विसांवा न घेतां, एकामागून एक पुरे करावयाचे, अशी ही शर्यत आहे. तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकाराला 'आयर्नमॅन', म्हणजे लोहपुरुष, असें नांव आहे. त्याचा जन्म १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं हवाई बेटांपैकीं ओआहू येथें झाला. पोहणारा, सायकलस्वार आणि धावणारा यांपैकीं खरा दमदार कोण, असा वाद तेथील खेळाडूंत निघाला होता. अमेरिकन आरमारांतील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनीं त्यावर तोड काढली. बेटावर निरनिराळ्या वेळीं होणाऱ्या तीन शर्यती त्यांनीं एकाच दिवसांत जोडून दिल्या. ३.८६ किलोमीटर समुद्रांत पोहावयाचें, सुमारें १८० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि त्यानंतर ४२.१९५ किलोमीटरांची पूर्ण मॅरॅथॉन धावावयाची. त्या पहिल्या वर्षीं १५ जण उतरले आणि १२ जणांनीं शर्यत पुरी केली. गॉर्डन हॉलर हा ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार याच्या मदतनिसांजवळचें पाणी वाटेंतच संपलें, तेव्हां त्यांनीं त्याला बीअर पाजली, असें सांगतात. गोष्ट ऐकतांना हंसू येतें. परंतु तहानेची व्यवस्था किती कच्ची होती, हेंहि तींतून कळतें.

१९८१ सालीं ही शर्यत हवाई नांवाच्याच मोठ्या बेटावर, कोना येथें गेली. तेथील रस्ता ज्वालामुखीच्या काळ्या खडकांतून जातो. ज्या जातीच्या बसाल्ट खडकापासून मराठवाड्याची काळी जमीन झाली, त्याच जातीचा हा खडक. माथ्यावर सूर्य आणि पायांखालीं तापलेला दगड, अशा दुहेरी तापांतून स्पर्धकाला जावें लागतें. १९८२ सालच्या फेब्रुवारींत ज्युली मॉस ही तरुणी तेथें सर्वांत पुढें असतां, शेवटची रेषा कांहीं पावलांवर राहिली असतांना कोसळली. दुसरी स्पर्धक तिला ओलांडून गेली, आणि मॉसनें उरलेलें अंतर हातापायांवर रांगत पुरें केलें. तें दृश्य दूरचित्रवाणीवर पाहून जगांतील असंख्य लोकांना या शर्यतीचें वेड लागलें.

आपल्या बाजूस हें वेड यावयास वेळ लागला. 'आयर्नमॅन' मालिकेंतील भारतांतील पहिली शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजीं गोव्यांत, पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. ती अर्ध्या पल्ल्याची होती. समुद्रांत १.९ किलोमीटर, सायकलीवर ९० किलोमीटर आणि पायीं २१.१ किलोमीटर. मैलांत बेरीज केली तर ती ७०.३ भरते, म्हणून या प्रकाराला '७०.३' असेंच नांव आहे. पल्ला अर्धा असला तरी परीक्षा अर्धी नव्हती. कारण गोव्यांतला ऑक्टोबर म्हणजे पाऊस नुकताच सरलेला, ऊन कडक आणि हवा पाण्यानें जड झालेली.

येथें शास्त्राचा थोडा विचार केला पाहिजे. स्नायूंना मिळणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें एक चतुर्थांश शक्तिच चालनासाठीं कामीं येते. बाकीची उष्णता होऊन शरीरांतच उरते. ही उष्णता बाहेर टाकली नाहीं तर थोड्याच वेळांत मेंदू भांबावतो, पाय लटपटतात आणि पुढें उष्माघात होतो. ती बाहेर टाकण्याचें मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरांतून जाते. कडक उन्हांत जोरानें धावणाऱ्याच्या अंगांतून तासाला एक लिटर, कित्येकांच्या अंगांतून त्याहूनहि अधिक घाम जातो.

पण नुसता घाम येऊन भागत नाहीं. त्याची वाफ व्हावी लागते. गेवराईचा उन्हाळा कोरडा. तेथें माठ चांगला गार होतो आणि घामहि निघाल्याबरोबर वाळतो. म्हणून तेथें धोका असा कीं, किती पाणी गेलें याचा पत्ताच लागत नाहीं; सदरा कोरडा आणि माणूस आंतून सुकलेला. गोव्याची हवा दमट. तेथें माठांतलें पाणी फारसें गार होत नाहीं, आणि घाम अंगावरून नुसता निथळतो. तो जमिनीवर पडला तर उष्णता घेऊन जात नाहीं. येथें धोका उलट. पाणी तर जातें, पण शरीर थंड होत नाहीं. नुसत्या तापमापकावर विसंबून शर्यतीचा विचार करणें म्हणूनच चुकीचें ठरतें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत जवान उष्माघातानें पडूं लागले, तेव्हां ऊन, वारा आणि दमटपणा या सर्वांचा मिळून एक निर्देशांक काढण्याची रीत तेथें निघाली. मोठ्या शर्यतींचे वैद्य आजहि तीच वापरतात.

ट्रायथलॉनचे तीन टप्पे या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. पोहतांना घामाचा उपयोग होत नाहीं. पाणी थंड असेल तर ठीक, कोमट असेल तर उष्णता आंतच सांचते. सायकलीवर वारा लागतो, घाम भराभर वाळतो आणि सारें सुरळीत आहे असा भ्रम होतो. याच टप्प्यांत स्पर्धक पिण्याखाण्याची हयगय करितो किंवा उत्साहाच्या भरांत वेग वाढवितो. सायकल टाकून तो धावूं लागतो तेव्हां वारा कमी होतो, ऊन माथ्यावर आलेलें असतें आणि मागच्या दोन टप्प्यांतील सर्व उधारी एकदम अंगावर येते. म्हणून जाणते खेळाडू शर्यत पहांटे सुरू झाली तरी दुपारच्या हिशेबानेंच वेग ठेवितात.

आतां कोणी म्हणेल, तहान लागली तर पाणी प्यावें, हें सांगावयास शास्त्र कशाला हवें? परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं शहाण्या समजल्या जाणाऱ्या लोकांचें मत याच्या उलट होतें. धावतांना पाणी पिणें हें दुबळेपणाचें लक्षण, त्यानें पोट जड होतें आणि दम तुटतो, असें ते मानीत. १९०४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें ऑलिंपिक सामने झाले. ३० ऑगस्टच्या मॅरॅथॉनला ऊन कडक, रस्ता धुळीचा, आणि पाण्याची सोय सबंध वाटेंत एकदोन ठिकाणींच. पाणी कमी दिल्यास काय होतें हें पाहण्याची चालकांची इच्छाच होती. ३२ जण निघाले आणि १४ जण पोहोंचले. विजयी ठरलेला टॉमस हिक्स पाणी मागत असतां त्याच्या मदतनिसांनीं तें नाकारलें, आणि त्याऐवजीं अंड्याच्या पांढऱ्या बलकांत मिसळलेलें कुचल्याचें विष, स्ट्रिक्नीन, व ब्रँडी त्याला पाजली. तो जिवंत राहिला हें नशीब.

आठ वर्षांनीं स्टॉकहोम येथें नशिबानें साथ दिली नाहीं. १४ जुलै १९१२ रोजीं उत्तरेकडील त्या थंड देशांत अवचित कडक ऊन पडलें. पोर्तुगालचा धावपटु फ्रांसिस्को लाझारो सुमारें तीस किलोमीटर धावून कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. उन्हानें कातडी भाजूं नये म्हणून त्यानें अंगाला मेणाचा अथवा चरबीचा लेप लावला होता, असें सांगतात. रांजणाला बाहेरून तैलरंग दिला तर काय होईल? छिद्रें बुजतील, पाणी झिरपणार नाहीं आणि आंतील पाणी तापत राहील. आधुनिक ऑलिंपिकमधील स्पर्धेंत झालेला हा पहिला मृत्यु होय.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रांत कांहीं निराळीच माणसें धावत होतीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालीं झाली. तेथील १९१९ च्या सामन्यांत दोराबजी टाटा यांनीं खेड्यापाड्यांतून आलेले धावपटु पाहिले. ते अनवाणी धावत. शास्त्रीय शिक्षण त्यांना मुळींच नव्हतें. तरी त्यांचा वेग युरोपांतील नामांकित धावपटूंच्या जवळ जाणारा होता. यांतूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडूंचा संघ गेला. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनीं तेथें मॅरॅथॉन २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत पुरी केली आणि १९ वा क्रमांक मिळविला. त्यांच्याबरोबर उतरलेल्या दातारांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. उन्हांत वाढलेल्या या माणसांना ती शर्यत परक्या, थंड हवेंत धावावी लागली. उन्हाच्या संवयीनें शरीरांत काय पालट होतो, हें त्या वेळीं त्यांना पाठविणाऱ्यांनाहि ठाऊक नव्हतें आणि युरोपांतील वैद्यांनाहि नव्हतें.

तें ठाऊक झालें तें क्रीडांगणावर नव्हे, तर जमिनीच्या पोटांत. दक्षिण आफ्रिकेंतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी मैलाहूनहि खोल गेल्या. तेथील खडक उष्ण. धूळ बसावी म्हणून पाण्याचे फवारे मारीत, त्यामुळें हवा दमट. नव्यानें भरती झालेले काळे मजूर पहिल्याच दिवसांत उष्माघातानें मरूं लागले. खाणीच्या वैद्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत या मृत्यूंचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. त्यांत असें दिसून आलें कीं, माणसाला एकदम पूर्ण कामाला न लावतां, उष्ण हवेंत रोज थोडें थोडें काम वाढवीत नेलें, तर आठ-पंधरा दिवसांत त्याचें शरीर बदलतें. घाम लवकर येऊं लागतो, अधिक येतो, त्यांतून मीठ कमी जातें. रक्तांतील द्रव वाढतो आणि हृदयाचे ठोके तितक्याच कामाला कमी पडतात. उष्णतेशीं होणारी ही ओळख कांहीं आठवडे खंड पडला कीं पुसली जाते, हेंहि कळलें. खाणमालकांचा हेतु केवळ दयेचा नव्हता, उत्पादनाचाहि होता. तरी ज्ञान तें ज्ञानच.

याच खाणींच्या संशोधकांपैकीं विंडहॅम आणि स्ट्रायडम या दोघांनीं पुढें धावपटूंकडे लक्ष वळविलें, आणि १९६९ सालीं मॅरॅथॉनमध्यें पुरेसें पाणी न पिण्याच्या धोक्याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. वजनाच्या शेंकडा तीनांहून अधिक पाणी ज्यांचें गेलें, त्यांच्या शरीराचें तापमान चढत जातें, असें त्यांनीं दाखविलें. १९७५ सालीं अमेरिकेंतील क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संस्थेनेंहि शर्यतींत वेळोवेळीं पाणी द्यावें, असें जाहीर केलें. सेंट लुईपासून येथपर्यंत ७१ वर्षें गेलीं. आज गोव्याच्या शर्यतींत ठिकठिकाणीं पाणी, मीठ आणि बर्फ घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक दिसतात. त्यांच्या मागें तो खाणींतला अनामिक मजूर उभा आहे.

मनुष्याचा स्वभाव असा कीं, एका टोकाची चूक कळली कीं तो दुसऱ्या टोकाला जातो. तहान लागो न लागो, जितकें पोटांत मावेल तितकें पाणी प्यावें, असा उपदेश सुरू झाला. १९८५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील वैद्य टिम नोक्स व त्यांचे सहकारी यांनीं लांब शर्यतींतील अशा कांहीं रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, कीं जे पाणी कमी पडून नव्हे, तर जास्त झाल्यामुळें बेशुद्ध पडले होते. अति पाण्यानें रक्तांतील सोडियम पातळ होतें आणि मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरॅथॉनमध्यें ४८८ धावपटूंचें रक्त तपासलें, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा १३ जणांच्या रक्तांत सोडियम प्रमाणापेक्षां कमी आढळलें. म्हणून आतांचा सल्ला मधला आहे. तहान ही विश्वासू सूचना मानावी, तिला दडपूं नये आणि तिच्या पुढेंहि धावूं नये; दीर्घ वेळ चालणाऱ्या शर्यतींत पाण्याबरोबर मीठ व साखर यांचाहि विचार करावा. ताकांत मिठाची चिमूट टाकणाऱ्या घरांना हा सल्ला फारसा नवा वाटूं नये.

इतकें ज्ञान मिळूनहि ऊन हार खात नाहीं. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस कतारमधील दोहा येथें जागतिक सामने झाले. स्त्रियांची मॅरॅथॉन उन्हाला भिऊन मध्यरात्रीं ठेवली. तरी दमट उकाड्यांत ६८ पैकीं २८ जणींनीं शर्यत सोडली. पुढें टोकियो ऑलिंपिकची मॅरॅथॉन उन्हाच्या भीतीनें उत्तरेकडील सप्पोरो शहरांत न्यावी लागली. दोह्याच्याच सामन्यांत यंत्रांनीं गार केलेल्या मैदानावर बीड जिल्ह्यांतील एक तरुण अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरींत धावला आणि ८ मिनिटें २१.३७ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम करून आला. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे ते हेच. लहानपणीं शाळेसाठीं रोज सहा किलोमीटरांची पायपीट, पुढें सैन्यांत सियाचीनची थंडी आणि राजस्थानचें वाळवंट, अशा शाळांतून हें शरीर घडलें. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनीं ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. उन्हांतल्या पायवाटा पदक देत नाहींत, हें खरें. पण त्या शरीराला जें शिकवितात तें गार मैदानावर शिकतां येत नाहीं.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. शर्यतीचा खेळाडू ऊन स्वतः निवडतो. त्याच्यासाठीं वाटेवर पाणी असतें, वैद्य असतो, आणि जीव घाबरला तर शर्यत सोडण्याची मोकळीक असते. बीड जिल्ह्यांतील, आणि त्यांत गेवराई तालुक्यांतीलहि, हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि गळीत हंगाम संपतां संपतां डोक्यावर उन्हाळा आलेला असतो. पहांटेपासून कोयता, मग मोळ्या बांधणें, मग त्या डोक्यावरून गाडींत भरणें. त्यांच्याहि दिवसाचे तीन टप्पे आहेत. पण तो दिवस एकदां नव्हे, रोज येतो, आणि मध्येंच थांबलें तर मजुरी बुडते. मध्य अमेरिकेंत ऊसतोड्या मजुरांना मूत्रपिंडाचा असाध्य विकार होत असल्याचें या शतकाच्या आरंभीं ध्यानांत आलें. उन्हांतील अतिश्रम आणि शरीरांतील पाण्याची तूट यांचा त्याच्याशीं निकट संबंध असल्याचें मानलें जातें. तेव्हां एल साल्वादोर येथें २०१४-१५ च्या हंगामांत एक साधा प्रयोग झाला. पाणी जवळ दिलें, फडाच्या कडेला हलती सावली उभी केली आणि ठरल्या वेळीं विश्रांति दिली. इतकें करून काम घटलें नाहीं.

खाणींतल्या मजुराच्या मरणानें जें ज्ञान मिळालें, तें धावपटूला मिळालें. तें आतां उसाच्या फडापर्यंत परत पोहोंचलें पाहिजे. त्यासाठीं मोठी यंत्रें लागत नाहींत. पहिल्या आठवड्यांत काम हळूहळू वाढवावें, भर दुपार टाळावी, सावली असावी, आणि हाताशीं पाणी असावें. भर उन्हांत येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीं रांजण भरून ठेवणाऱ्या माणसानें कोणताहि निबंध वाचलेला नसतो. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीचें जें सार आहे, तें त्याच्या हातून नकळत घडत असतें.